शिट्टी न वाजलेला गोल

आप्पा,

चौकात तुमच्या श्रद्धांजलीचा डिजिटल फलक लागला आहे. फोटो कुणी निवडला माहीत नाही. त्यात तुम्ही गॉगल घातलाय आणि मागे कुठला तरी परदेशी समुद्र आहे. खाली तालमीचं नाव, त्याखाली पोरांचे छोटे छोटे गोल फोटो. काकीला घेऊन रिक्षातून जात होते, तर तिनं एकदाच मान वर केली आणि म्हणाली, "ह्यांना गॉगल कुणी दिलता?" आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला कळेना, आता हसायचं असतं की नाही. काकीलाही कळलं नसावं, कारण नंतर ती बराच वेळ पदरानं रिक्षाची दांडी पुसत बसली.

मला हल्ली बरंच काही कळेनासं झालंय. म्हणून हे लिहायला बसले. आपल्या दोघांत बोलण्याचं काम तुमचं होतं. तुम्ही सांगायचात, मी टाईप करायचे. आताही टाईपच करते आहे, फक्त समोरची प्लास्टिकची खुर्ची रिकामी आहे.

सुरुवात कशी झाली ते तुम्ही दर वेळी वेगळं सांगायचात. मला आठवतं ते असं. मी नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. एका रविवारी सकाळी तुम्ही मंगळवार पेठेतून तुमची जुनी मोपेड घेऊन आमच्या फ्लॅटवर आलात. मी लॅपटॉप उघडून बसले होते.

"आज बी काम?" तुम्ही विचारलंत.

"काम नाही आप्पा. माझं मी काहीतरी करतेय."

"म्हंजे?"

"असंच. कोडिंग."

तुम्ही चहा बशीत ओतलात आणि बशी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिलात. "आठवडाभर त्येच करतीस, आन सुट्टीला बी त्येच? आमच्या वर्कशॉपातला एक बी माणूस रविवारी घरात लेथ घिऊन बसला न्हाई."

  तेच मशीन, तोच कीबोर्ड, तीच बोटं. सोमवारी सकाळी मीटिंग सुरू झाली की माझ्या डोळ्यांवर झापड येते, आणि रविवारी त्याच पडद्यासमोर मी जेवायचं विसरते. तुम्हाला मी ऑफिसचं काम समजावायचा प्रयत्न केला होता. एका परदेशी कंपनीचं विम्याचं सॉफ्टवेअर आहे, त्यात लोक नुकसानभरपाई मागतात. आम्हाला कामं येतात, त्यांना तिकिटं म्हणतात. "कुठल्या गाडीची?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं की एका तिकिटात बटण डावीकडून उजवीकडे न्यायचं होतं. पुढच्या महिन्यात ते परत डावीकडे आणायचं तिकीट आलं. तुम्ही म्हणालात, "मग गाडी डेपोतच हाय की."

त्या काळात घरी तरी मी कुठे काय धड करत होते? झाडांना पाणी घालायची आठवण देणारं एक काहीतरी सुरू करून सोडलं होतं. पुस्तकांची यादी ठेवणारं एक अर्धं पडलं होतं. तुम्ही ते सगळं बघितलंत आणि म्हणालात, "ह्यात फुटबॉल घाल की."

आणि मी घातला. खरं सांगायचं तर मला फुटबॉल आवडत नव्हता. आपल्याकडचा पेठापेठांतला तर नाहीच. शाळेत मैत्रिणी परदेशी संघांचे टी-शर्ट घालायच्या, आणि आमच्या घरी कुठल्याशा पेठेच्या कुठल्याशा खेळाडूच्या गुडघ्यावरून भांडणं व्हायची. मला त्याची जरा लाज वाटायची. पण तुम्ही जे मागत होतात ते मला सोडवावंसं वाटलं. तालमीच्या फुटबॉल संघाचे सगळे जुने सामने, कोण खेळलं, कोणी गोल मारले, आणि प्रश्न विचारला की उत्तर आलं पाहिजे. मी त्याला एक इंग्रजी नाव दिलं होतं. ते तुम्ही एकदाही घेतलं नाहीत. तुम्ही त्याला पंच म्हणायला लागलात. "इचार पंचाला." "पंच काय म्हणतोय?" "त्याला सांग, ह्यो गोल डोक्यानं मारलेला." सुरुवातीच्या पडद्यावर मी 'वेलकम' लिहिलं होतं, तेही तुम्ही बदलायला लावलंत. आता पंच उघडला की वर येतं, 'बोला पावणं, काय पायजे?'

कीबोर्डला तुम्ही कधी हात लावला नाहीत. चष्मा काढून त्याच्या दांडीनं पडद्यावर दाखवायचात. कितव्या तरी रविवारी माझ्या लक्षात आलं की तुम्ही एकच सामना तीनदा सांगितलाय आणि तिन्ही वेळा गोल वेगळे आहेत. मी तसं म्हणाले, तर तुम्ही जराही ओशाळला नाहीत. "मग तिन्ही ठेव. ज्याला जो आवडंल त्यो घिऊ दे." साल सांगताना तुम्ही 'एकोणसत्तर' म्हणालात की माझा हात थांबायचा. मी मनातल्या मनात इंग्रजीत आकडे लावायचे आणि बऱ्याचदा चुकायचे. एकदा माझ्या चुकीनं तुमचे एक गोलकीपर मरणानंतर दोन हंगाम खेळले. ते वाचून तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. "ऱ्हाऊ दे," म्हणालात, "त्यो तसाच हुता, मेल्यावर बी सोडायचा न्हाई."

आणि ती नावं! कुणाचंच खरं नाव तुम्हाला माहीत नव्हतं. काळा बापू, गोरा बापू, डबा, पेढा, इंजिन. मला आडनाव हवं असायचं, कारण दोन बापू एक झाले की पंचाचा गोंधळ व्हायचा. "पाटील आसंल. न्हाईतर जाधव," तुम्ही म्हणायचात. इंजिनचं नाव विचारायला आपण त्यांच्या घरी गेलो होतो. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोला तुम्ही विचारलंत, "वैनी, इंजिनचं नाव काय हो?" त्या लाजल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचं व्हय? मी कसं सांगू?" त्या वयातही त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. उखाण्यात घ्या म्हणालात तर उखाणाही आठवेना. शेवटी मी दारावरची पाटी वाचून आले. येताना तुम्ही मोपेड हळू चालवत होतात. मग अचानक म्हणालात, "धा वर्षं मी त्याला पास दिले, आन मला म्हाईत न्हवतं त्यो विष्णुपंत हाय."

ह्या रविवारांमुळे माझे सोमवार बरे जायचे की आणखी वाईट, हे मला ठरवता यायचं नाही. काही सोमवारी वाटायचं, काल एवढं केलंय, आता आठवडा काढू. काही सोमवारी मात्र वाटायचं, कालचं हे जर मला येतं, तर मी इथे बटणं का हलवतेय? मी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही एवढी वर्षं उद्यमनगरात लेथवर उभे राहिलात, कंटाळा आला नाही? सकाळी मैदान, मग दिवसभर वर्कशॉप. कसं केलंत?

"नोकरीत डोकं न्यायचंच न्हाई," तुम्ही म्हणालात. "डबा न्यायचा."

मी म्हणाले, "आप्पा, माझ्या नोकरीत डबा नाही नेला तरी चालतं. डोकं मात्र न्यावंच लागतं."

"मग सोड की."

पुढच्या रविवारी मी सोडायचं बोलायला लागले, तर तुम्हीच म्हणालात, "सोडू नगं. रिकामं डोकं रविवारी बी चालत न्हाई." दोन्हींतलं तुमचं खरं मत कुठलं, ते विचारायचं राहून गेलं. कदाचित इथेही दोन्ही ठेव, ज्याला जे आवडेल ते घेऊ दे, असंच असेल.

आता त्या सामन्याचं.

आपल्या घरात तो सामना माहीत नसलेलं कुणी नाही. दोन पेठांमधली फायनल. शेवटची काही मिनिटं उरलेली, कुणाचाच गोल नाही. तुम्ही डावीकडून आत शिरलात आणि मारलात. चेंडू वरच्या दांडीवर आपटून सरळ खाली पडला, आणि गजाकाकांनी त्याच्यावर झेप घेतली. गजाकाका म्हणजे पलीकडच्या पेठेचे गोलकीपर, आणि त्या सामन्याआधीपासून परवापर्यंत तुमचे सगळ्यात जवळचे मित्र. चेंडू रेषेच्या आत पडला की रेषेवर, एवढाच प्रश्न होता. पंचांनी शिट्टी तोंडात धरली. ती वाजायच्या आत दोन्हीकडचे लोक मैदानात उतरले. मग चपला, मग पोलीस. सामना तिथेच थांबला आणि पुन्हा झालाच नाही. तेव्हापासून तुम्ही म्हणायचात, आत. गजाकाका म्हणायचे, रेषेवर. खासबाग मैदानाच्या भिंतीकडेच्या चहाच्या गाड्यावर रोज संध्याकाळी तुम्ही दोघं भेटायचात, आणि काही झालं तरी बोलण्याची गाडी त्या गोलावर यायचीच.

"आत हुता, लेका. कबूल कर आन मर."

"रेषेवर हुता. तू मर, मग मी कबूल करतो."

मी हे लहानपणापासून ऐकलंय. आज लिहिताना पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

पंचात सामना घालायचा तर निकाल लागतोच. जिंकले, हरले किंवा बरोबरी. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मीच तसं केलं होतं. निकाल नसलेला सामना म्हणजे चूक, असं मी धरून चालले होते. म्हणून तुमच्या त्या फायनलला मी बरोबरी लिहून टाकलं. तुम्ही ते वाचलंत तेव्हा गजाकाकाही आले होते, तुम्हीच त्यांना पंच दाखवायला आणलं होतंत.

"बरोबरी?" तुम्ही खुर्चीतून उठलात. "ही काय बरोबरी हाय व्हय?"

मला वाटलं, निदान गजाकाका तरी खूश होतील. तर तेही उठले. "बरोबरी कशानं? आजून येळ शिल्लक हुता. आमी गोल मारनार हुतो."

आयुष्यात पहिल्यांदा तुमचं दोघांचं एकमत झालं, आणि ते माझ्याविरुद्ध.

"एक तर माझा गोल लिही," तुम्ही म्हणालात, "न्हाईतर कोरं ठेव."

"कोरं ठेवता येत नाही आप्पा. पुढे जाताच येत नाही."

"का जाता येत न्हाई? शिट्टी न वाजता आमी इतकी वर्षं पुढं गेलो, आन तुझा पंच अडला व्हय?"

गजाकाका बाल्कनीत जाऊन उभे राहिले. त्या आठवड्यात ऑफिसमध्ये माझं बऱ्याच दिवसांचं काम परदेशातून एका ओळीत परत आलं होतं. असं नको, पहिल्यासारखं करा. पहिल्यासारखं म्हणजे कसं, ते कुणालाच आठवत नव्हतं. आणि आता घरात, माझ्या स्वतःच्या पंचात, पुन्हा तेच. मी म्हणाले, "तुम्ही पण आता क्लायंटसारखं करायला लागलात."

"क्लायंट म्हंजे?"

"ज्याला कितीही करून दिलं तरी पटत नाही, तो."

तुम्ही क्षणभर विचार केलात आणि मोठ्यानं हसलात. "मग मी तुझ्या काकीचा क्लायंट! सैपाकाला रोज नावं ठेवतो." मग गजाकाकांना हाक मारलीत, चपला घातल्यात. मी दार लावत होते तेव्हा खालच्या जिन्यातून तुमचा आवाज आला, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा. "कोरं ठेव गं, मॅडम!"

मी मनात म्हणाले, नाही ठेवणार. तुमच्यापुरतं हे भांडण संपलं असेल, माझं रविवारपर्यंत चालणार होतं. मला काय काय बोलायचंय ते मी तयारही करून ठेवलं होतं. पंच माझा आहे, नियम माझे आहेत, दिवसभर मी दुसऱ्यांचंच ऐकते, असं बरंच. अजूनही ते सगळं माझ्याकडे आहे. त्याचं काय करायचं ते कळत नाही.

बुधवारी बाबांचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद होता. मी मेसेज वाचला. एकेकाचं काम सांगून होत होतं. माझं नाव आलं, टीम लीडनं विचारलं, काही अपडेट्स? आणि मी म्हणाले, "नो अपडेट्स." असं का म्हणाले? बहुधा रोज तेच म्हणते म्हणून. मीटिंग संपली तेव्हा मला वाटलं की मी तसं म्हणाले आहे, तर ते खरंही असेल.

रजा टाकायला ऑफिसची वेबसाइट उघडली. घरातलं कुणी गेलं तर वेगळी रजा मिळते. तिथे नातं निवडायचं असतं. आई, वडील, नवरा किंवा बायको, मूल, भाऊ किंवा बहीण. काका नव्हते. अन्यही नव्हतं. मी ती जागा तशीच सोडून पुढे जायला गेले, तर खाली लाल अक्षरांत आलं, कृपया एक पर्याय निवडा. 'वडील' निवडावं का, असं एकदा मनात आलं. पण बाबा तोवर घरी आले होते आणि समोरच्या खोलीत फोनवर कुणाला तरी रडत रडत सांगत होते. ते निवडायला बोट धजेना. मी किती वेळ त्या लाल अक्षरांकडे बघत बसले कोण जाणे. ते असं का अडवतंय, हे मला चांगलं ठाऊक होतं. मीही तसंच लिहिते. शेवटी पोट दुखतंय म्हणून रजा टाकली.

रक्षाविसर्जन झालं त्या संध्याकाळी गजाकाका काकीकडे आले. पलीकडच्या पेठेतली आणखीही माणसं आली होती. ती उठून गेली, पण गजाकाका बसून राहिले. चहा घेतला नाही. मग मला खूण करून गॅलरीत बोलावलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"ते तुझ्या पंचात," ते म्हणाले, "एक-शून्य लिही. तुझ्या आप्पाचा गोल."

मी विचारलं, "खरंच आत होता?"

"आत हुता."

"तुम्ही बघितला होता?"

"आगं, माझ्या पोटाखाली चेंडू. मी न्हाई बघनार तर कोण बघनार? आत हुता. लिही आन मोकळी हो."

मोकळी कोण होणार होतं, मला कळलं नाही. ते जिना उतरताना एका हातानं भिंत धरून उतरले. मी वरून बघत होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. हे आज खरं बोलले, म्हणजे इतकी वर्षं खोटं बोलत होते? की इतकी वर्षं खरं बोलत होते, आणि आज तुमच्यासाठी खोटं बोलले? तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं. पण तुम्ही असता तर ते असं म्हणालेच नसते.

तालमीतला अमोल दुसऱ्या दिवशी आला. पुढच्या आठवड्यात रविवारी संध्याकाळी शोकसभा आहे म्हणाला. "ताई, तुम्ही दोन शब्द बोला की." मी इतक्या जोरात मान हलवली की तो बिचारा मागे सरकला. "बरं बरं. मग एवढं तरी करा. आप्पांचे समदे मिळून किती गोल, ते पंचाला इचारून सांगा. मी भाषणात घालतो." पंच अख्ख्या पेठेला माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. मी माझी कामं कुणाला दाखवत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मात्र माझ्या वतीनं सगळीकडे दाखवून आला होतात.

म्हणजे रविवारपर्यंत ठरवायचं होतं. तुमचे गोल किती? तो एक धरून, की सोडून? बरोबरी तशीच ठेवली तर तुम्ही हरलात. एक-शून्य लिहिलं तर तुम्ही जिंकलात, पण मग गजाकाका उद्या त्या चहाच्या गाड्यावर एकटे बसून काय बोलणार? तुम्ही इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलात ते मी एका बोटानं देऊ शकत होते, आणि ते द्यावंसं वाटत नव्हतं.

लॅपटॉप मी उघडलाच नाही. म्हणजे ऑफिसचा उघडला. आणि सांगायला विचित्र वाटतं, त्या दिवसांत मला ऑफिसचं काम बरं वाटलं. तिकीट यायचं, मी करायचे, बंद करायचे. बटण डावीकडे, तर डावीकडे. कुणी तुमच्याबद्दल विचारत नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. शुक्रवारी लीड म्हणाला, "गुड वीक." तुम्ही सांगितलेलं मला पहिल्यांदा जमलं होतं. मी डोकं घरी ठेवून काम केलं होतं. पण तुम्हाला ते असं म्हणायचं होतं का? मला वाटायचं, मी नोकरीपासून पळून पंचाकडे येते. आता मी पंचापासून पळून नोकरीकडे जात होते. मग मला नक्की आवडतं काय? कोडिंग, की तुम्ही समोर बसून चष्म्याच्या दांडीनं दाखवत होतात ते? तुमच्याशिवाय पंच चालवायचा तर कुणासाठी? फुटबॉल तर मला अजूनही फारसा आवडत नाही.

शनिवारी दुपारी काकी आमच्याकडे आली. तिनं माझं टेबल बघितलं, तुमची खुर्ची बघितली, आणि त्या खुर्चीवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "ते गॉगलवालं बोर्ड बघून बघून मला ह्यांचा चेहरा आठवंना झालाय. तुझ्या मशीनमदी हाय का गं काय?"

मी पंच उघडला. 'बोला पावणं, काय पायजे?'

काकी चमकली. मग पदर तोंडाला लावला. "हेच," ती म्हणाली. "दारात कोन आलं तर हेच म्हनायचे. वसुलीवाल्याला बी."

ती स्वयंपाकघरात आईकडे गेली, आणि मी तो सामना काढला. निकाल, बरोबरी. ते पुसलं. पुढे जायला गेले, तर लाल अक्षरं आली. मीच लिहिलेली. निकाल भरा. आता ती वाचताना मला ऑफिसची वेबसाइट दिसायला लागली, आणि तुमचा जिन्यातला आवाज. मग मी आत कोडमध्ये गेले आणि निकाल लागलाच पाहिजे असं म्हणणारा तो एक शब्द काढून टाकला.

एका शब्दानं भागलं नाही, आप्पा. तुम्हाला वाटायचं तसं ते 'कोरं ठेव' म्हणण्याइतकं सोपं नव्हतं, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. सगळंच मोडलं. जिंकलेले, हरलेले आणि बरोबरीचे सामने मिळून खेळलेल्या सामन्यांइतके होईनात. तुमचं पान उघडलं तर पांढरं फटक. सगळीकडे मी गृहीत धरलं होतं की प्रत्येक सामना कसा ना कसा संपतोच. एकेक जागा शोधून मला तिथे लिहावं लागलं, संपला नसेल तर असं कर. मध्येच आई जेवायला बोलावून गेली. मी हो म्हणाले. शेवटची जागा दुरुस्त झाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते, आणि माझ्या लक्षात आलं की मी जेवले नाही, आणि मला छान वाटतंय. मग छान वाटल्याचं वाईट वाटलं. मग तेही जरा वेळानं गेलं.

अमोलला फोन करून आकडा सांगितला. "आणि एक पंचाकडे," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हणजे एक अजून ठरलेला नाही."

"मग मी भाषणात काय म्हनू?"

"तसंच म्हण."

शोकसभेला तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिले. काकी पुढे बायकांत बसली होती. भाषणं लांबली. तुम्ही कधी न केलेल्या गोष्टीही तुमच्या नावावर जमा झाल्या. शेवटी अमोल उठला, आकडा सांगितला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आन एक गोल पंचाच्या शिट्टीत आजून अडकलाय."  मग जुन्या माणसांच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि अख्खी तालीम हसली. शोकसभेत. काकीही हसली, मी बघितलं.

गजाकाका हसले नाहीत. सभा संपल्यावर गर्दीतून वाट काढत ते माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी एवढं मन घट्ट करून दिलेलं मी घेतलं नव्हतं.

"लिहिलं न्हाईस?"

"नाही. कोरं ठेवलं."

"दाव."

मी फोनवर सामना काढून दाखवला. दोन्ही पेठांची नावं, खेळाडूंची नावं, आणि निकालाच्या जागी काहीच नाही. त्यांनी चष्मा काढला, फोन डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. बाजूनं माणसं चपला शोधत होती. त्या रिकाम्या जागेकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग फोन माझ्या हातात दिला, आणि त्या दिवशी गॅलरीत गेलेला त्यांचा आवाज परत आला. चहाच्या गाड्यावरचा. चार माणसं वळून बघतील एवढा.

"रेषेवर हुता," ते म्हणाले. "सांग तुझ्या आप्पाला."

कुठलं खरं, मला अजून कळलेलं नाही. पण त्यांनी सांगितलंय, म्हणून सांगते आहे.

रेषेवर होता, आप्पा. गजाकाका म्हणतात.